अंगावरून पांढरं जातंय? गोळी घ्यायच्या आधी हे क्रमाने करा

आमच्या ओपीडीत रोज अशी एक तरी बाई येते जिच्या पर्समधून दोन-तीन मेडिकलांच्या अर्ध्या संपलेल्या स्ट्रिपा निघतात. एक गोळी खाल्ली, बरं वाटलं म्हणून सोडली, पंधरा दिवसांनी परत खाज, मग शेजारणीने सांगितलेली ट्यूब, मग मोबाईलवर बघितलेला काढा, आणि शेवटी डॉक्टरसमोर बसल्यावर पहिला प्रश्न येतो, "पाणी कसं जातं?" तर उत्तर काय, "जातं ना मॅडम, पांढरं." बस, एवढंच. रंग नेमका कसा, वास आहे का, पाळीच्या आधी की नंतर, यातलं काहीच बघितलेलं नसतं. औषध आधी आणि बघणं नंतर, असा हा सगळा उलटा कारभार.

मी नर्स आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे खालचं वाचून स्वतःच निदान करून मेडिकलच्या काउंटरवर जायचं नाहीये. हे नॉर्मल आहे म्हणून निवांत राहायचं की दाखवायला जायचं, आणि गेलात तर काय सांगायचं, एवढं मात्र यातून नक्की जमेल.

गावाकडे याला धुपणी म्हणतात, कुणी पदर जातो म्हणतं, शहरात व्हाईट डिस्चार्ज. शब्द कुठलाही घ्या पण हे आजाराचं नाव नाही. नाक वाहतं तसंच आहे हे, नाक सर्दीने वाहतं, धुळीने वाहतं आणि झणझणीत रस्सा खाल्ला तरी वाहतं.

## तयारी: आठ दिवसांसाठी एवढं करून ठेवा

पांढऱ्या किंवा एकदम फिक्या रंगाच्या तीन-चार कॉटनच्या चड्ड्या काढा. काळ्या आणि मरून चड्डीवर रंग कळत नाही, आणि आपल्याकडे डाग दिसू नये म्हणून सगळ्या जणी नेमक्या तेच रंग घेतात.

मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये मागच्या तीन पाळ्यांची पहिली तारीख टाका. आठवत नसेल तर अंदाजे टाका, पण या महिन्यापासून नक्की लिहा.

या आठ दिवसांत नवीन काहीही सुरू करायचं नाही. क्रीम नाही, व्हजायनल वॉश नाही, वासाची पॅन्टी लायनर नाही, कुणाची उरलेली गोळी तर नाहीच. औषध घेतल्यावर पाण्याचं रूप बदलतं आणि मग डॉक्टरलाही काही धड दिसत नाही.

सावधान: आठ दिवस थांबणं सगळ्यांसाठी नाही. आधी टप्पा १ वाचा.

## टप्पा १: आजच जायला हवं का, हे आधी ठरवा

खालचं काहीही असेल तर बघत बसू नका, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवा:

- पाण्यासोबत ओटीपोटात दुखतंय आणि ताप आहे, किंवा उलट्या होतायत. हे इन्फेक्शन वर गर्भपिशवीपर्यंत आणि बीजनळ्यांपर्यंत गेल्याचं लक्षण असू शकतं.
- गरोदर आहात आणि पाण्यासारखं पातळ काहीतरी सतत झिरपतंय किंवा रक्त दिसतंय. याला पांढरं पाणी समजून घरी थांबू नका, पाणमोट फुटलेली असू शकते.
- नुकतीच डिलिव्हरी झालीय, अबॉर्शन झालंय किंवा कॉपर टी बसवलीय आणि घाण वास येतोय, अंग तापलंय.
- संबंधानंतर रक्त जातंय, किंवा दोन पाळ्यांच्या मध्येच लालसर-तपकिरी जातंय.
- पाळी जाऊन वर्ष उलटलंय आणि आता गुलाबी, तपकिरी किंवा पाण्यासारखं काही सुरू झालंय.
- पाळी सुरू न झालेल्या लहान मुलीला वास असलेलं किंवा रक्ताचं पाणी जातंय.
- जागेवर फोड, जखम आहे, किंवा लघवी-शी योनीतून झिरपल्यासारखी वाटते.

लहान मुलींबद्दल थोडं सांगते कारण इथे आया फार घाबरतात किंवा मग फार दुर्लक्ष करतात. बऱ्याचदा कारण साधं असतं, शी नीट न पुसणं, साबणाची आग, किंवा जंत (रात्री खाज जास्त असते, मुलगी झोपेत चुळबुळ करते). कधी आत मणी, टिश्यूचा तुकडा, असलं काहीतरी अडकलेलं निघतं आणि मग वास भयंकर येतो. पण कुणी हात लावलाय का हा प्रश्नही मनात ठेवावा लागतो. मुलीला रागावून, दटावून विचारू नका. शांतपणे डॉक्टरकडे न्या, विचारायचं काम त्यांना करू द्या. नुकत्या जन्मलेल्या मुलीला मात्र पहिल्या काही दिवसांत थोडं पांढरं किंवा रक्ताचा ठिपका जाऊ शकतो, ते आईच्या हार्मोन्समुळे असतं आणि आपोआप थांबतं.

## टप्पा २: बघायचं कसं

वेळ सकाळची, आंघोळीच्या आधीची. हात धुवा. खिडकीजवळच्या उजेडात, बाथरूमच्या पिवळ्या बल्बखाली नाही. बाहेरच्या तोंडाशी जे आहे तेवढंच बोटावर किंवा पांढऱ्या सुती कापडावर घ्या. आत खोलवर बोट घालून खरवडायचं नाही.

पाच गोष्टी लिहायच्या: रंग, घट्ट की पातळ, वास, किती, आणि सोबत काही होतंय का (खाज, आग, लघवीला जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं). एका ओळीत लिहा, निबंध नको. "मंगळ, १२वा दिवस, पारदर्शक, तार येते, वास नाही, खाज नाही." झालं.

नॉर्मल पाणी पारदर्शक, दुधाळ किंवा सायीसारखं पांढरं असतं, वास जवळजवळ नाही किंवा थोडा आंबूस. पाळी चालू असलेल्या वयात दिवसाला साधारण १ ते ४ मिली जाणं नॉर्मल धरतात. चहाचा चमचा ५ मिलीचा असतो, म्हणजे पाव चमच्याहून थोडं कमी ते पाऊण चमच्याहून थोडं जास्त. चड्डीवर पसरलं की तेवढंच खूप दिसतं, हे लक्षात ठेवा.

दोन गोष्टींनी बायका उगाच घाबरतात. एक, वाळलेला डाग. ताजं पाणी पांढरं असतं पण हवा लागून वाळलं की चड्डीवर फिकट पिवळा, कडक डाग राहतो. एक कॉलेजची मुलगी अक्षरशः रडत आली होती, पिवळं जातंय म्हणून, आईनेही भरपूर सुनावलं होतं, आणि तपासलं तर सगळं नॉर्मल. ती रात्री कपडे धुवायला टाकताना डाग बघायची, ताजं असताना कधी बघितलंच नव्हतं.

दुसरी, रंग उडालेली चड्डी. काळ्या किंवा निळ्या चड्डीचा मधला भाग केशरी-पांढुरका पडतो ना, तो साबणाचा दोष नाही आणि आजार तर मुळीच नाही. योनीतल्या चांगल्या जिवाणूंमुळे (लॅक्टोबॅसिलस नाव त्यांचं, दह्यातल्या जिवाणूंचे नातेवाईक) तिथला पीएच ३.८ ते ४.५ म्हणजे चांगलाच आंबट राहतो आणि तो आंबटपणा कापडाचा रंग खातो. उलट तब्येत ठीक असल्याची खूण म्हणा.

चेक करा: ताजं असताना बघितलंत का? की धुवायच्या बादलीजवळ उभं राहून ठरवलंत?

## टप्पा ३: पाळीच्या तारखेला जोडा

लिहिलेलं कॅलेंडरशेजारी ठेवा. २८ दिवसांचं चक्र धरलं तर साधारण असं दिसतं.

पाळी थांबल्यावर काही दिवस कोरडं. मग चिकट, पांढरट, थोडं क्रीमसारखं. १२ ते १५ व्या दिवसाच्या आसपास एकदम पारदर्शक, निसरडं, दोन बोटांत धरून ताणलं तर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार येते. हे बीज बाहेर पडायच्या सुमाराचं पाणी, याच वेळी सगळ्यात जास्त जातं आणि याच वेळी सगळ्यात जास्त बायका "फार जातंय हो सिस्टर" म्हणत येतात. त्यानंतर परत घट्ट, पांढरं, कमी, आणि पाळीच्या आदल्या दिवशी-दोन दिवशी थोडं तपकिरी.

तुमचं चक्र ३५ दिवसांचं असेल तर तारेचं पाणी १४ व्या नाही, २१ व्या दिवसाच्या आसपास येईल. पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी, असं मोजायचं. इथे गणित चुकतं म्हणून सांगितलं.

पाणी वाढण्याची आणखी नॉर्मल कारणं: मुलीची पहिली पाळी यायच्या सहा महिने-वर्षभर आधीपासून, गरोदरपण, शारीरिक उत्तेजना, गर्भनिरोधक गोळ्या. कॉपर टी बसवल्यावरही थोडं वाढतं. संबंधानंतर दुसऱ्या दिवशी पातळ काही बाहेर येतं ते वीर्यही असू शकतं. डिलिव्हरीनंतर चार ते सहा आठवडे आधी लाल, मग गुलाबी-तपकिरी, मग पिवळसर पांढरं जातं, त्यालाही घाबरू नका, फक्त वास आणि ताप बघा.

आता ते हाडांचं. पांढरं गेल्याने हाडं झिजतात, कॅल्शियम जातं, अंगातली ताकद गळून जाते, हे आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. खोटं आहे. त्या पाण्यात असतं मुख्यतः पाणीच, थोडा चिकट स्राव आणि झडलेल्या पेशी. दिवसाला दोन-तीन मिली जाऊन कुणाची हाडं विरघळत नाहीत. कंबर दुखते, चक्कर येते, जिना चढताना दम लागतो, हे सगळं खरं असतं, पण त्याचं कारण बहुतेक वेळा दुसरीकडे असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. म्हणून थकवा असेल तर पाण्याला दोष देण्याआधी हिमोग्लोबिन करून घ्या.

चेक करा: पाणी महिन्याच्या ठरावीक दिवसांत वाढतंय, वास-खाज-आग काही नाही, रंग पांढरा किंवा पारदर्शक आहे? मग इथेच थांबा. औषध लागत नाही. पुढचं वाचलं नाही तरी चालेल, फक्त टप्पा ५ बघून घ्या.

## टप्पा ४: नॉर्मल नाही, मग कुठल्या बाजूचं?

नेहमीपेक्षा वेगळं झालंय हे महत्त्वाचं. मैत्रिणीशी तुलना नको, तुमच्या स्वतःच्या मागच्या महिन्यांशी करा.

खाज जास्त, वास नाही, दह्याच्या गाठींसारखं. हे बुरशीचं, कॅन्डिडा. फुटलेल्या दुधासारखं दिसतं, बाहेरची कातडी लाल, सुजलेली, लघवी लागली की झोंबतं. खाज इतकी की बाई खुर्चीत नीट बसत नाही, मी दारातूनच ओळखते. मागच्या महिन्यात घसा-दाताला अँटिबायोटिक घेतलं होतं का ते आठवा, त्याने चांगले जिवाणू मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. गरोदरपण, डायबिटीस, स्टिरॉइड यांच्यात हे जास्त होतं.

वास जास्त, खाज फारशी नाही, पातळ आणि राखाडी-पांढरं. हे बॅक्टेरियल व्हजायनोसिस, बोलताना बीव्ही. वास ओल्या मासळीसारखा, आणि संबंधानंतर किंवा पाळीच्या वेळी जास्त येतो, कारण वीर्य आणि रक्त दोन्ही आंबट नाहीत, तिथला आंबटपणा कमी करतात. यात बाहेरून काही आलेलं असेलच असं नाही, आतल्या जिवाणूंचा तोल बिघडलेला असतो. आणि गंमत म्हणजे वास येतो म्हणून बाई जास्त धुते, जास्त धुतल्याने चांगले जिवाणू आणखी जातात आणि वास वाढतो. हे चक्र वर्षानुवर्षं चालवलेल्या बायका बघितल्यात मी.

पिवळट-हिरवट, फेसाळ, वासही आणि खाजही. ट्रायकोमोनास. हा संबंधातून पसरतो. ताज्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन लगेच मायक्रोस्कोपखाली ठेवला तर तो जंतू वळवळताना दिसतो, पण पट्टी तशीच पडून राहिली की त्याची हालचाल थांबते आणि सापडत नाही. म्हणून लॅबमध्ये नमुना लगेच बघणं गरजेचं असतं.

पू सारखं, किंवा काही दिसतच नाही पण संबंधानंतर रक्त, ओटीपोटात बारीक दुखणं. गनोरिया, क्लॅमिडिया. हेही संबंधातून पसरतात. हे गप्प बसणारे आजार, बऱ्याच बायकांना काहीच कळत नाही आणि नंतर नळ्या बंद झाल्यावर, दिवस राहत नाहीत म्हणून तपासताना कळतं.

पाण्यासारखं, रक्ताच्या झाकेचं, कुजका वास, औषधाने न जाणारं. यात गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर नाही ना हे बघावंच लागतं. अचानक फार घाण वास असेल तर विसरलेला टॅम्पॉन वगैरे आत राहिलाय का तेही आठवा. हसू नका, होतं असं.

सावधान: ही वर्णनं पुस्तकी आहेत, प्रत्यक्षात दोन इन्फेक्शन एकत्र असतात आणि सगळी लक्षणं सरमिसळ होतात. बाईला स्वतःला बुरशी वाटली आणि निघालं भलतंच, हे इतक्या वेळा होतं की नुसत्या वर्णनावर औषध घेऊच नका. अनुभवी डॉक्टरही फक्त डोळ्यांनी बघून चुकतात.

## टप्पा ५: बाहेरची कारणं काढून टाका

डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत हे करा. कधी एवढ्यानेच खाज थांबते.

धुवायचं फक्त बाहेरून, साध्या पाण्याने. आतली सफाई शरीर स्वतः करतं आणि ते पाणी म्हणजे ती सफाईच आहे. व्हजायनल वॉश, अँटिसेप्टिक लिक्विड टाकलेलं पाणी, पावडर, अत्तर, सगळं बंद. तुरटीचं पाणी आत घेणं, दह्याचा बोळा, लसूण, हळद, हेही बंद. सब्जा, जिऱ्याचं पाणी, तांदळाचं धुवण प्यायचंय तर खुशाल प्या, पण त्याने इन्फेक्शन जात नाही आणि "उष्णता बाहेर पडतेय" म्हणून महिना घालवू नका.

शी धुताना-पुसताना हात पुढून मागे. उलट नाही.

चड्डी उन्हात वाळवा. हे सांगितलं की बायका मान खाली घालतात, कारण घरोघरी चड्डी टॉवेलखाली, परकराखाली, नाहीतर बाथरूमच्या खिळ्यावर वाळते, म्हणजे वाळतच नाही. पावसाळ्यात ओलसर राहिली तर आतून इस्त्री फिरवा. भिजलेल्या जीन्समध्ये दिवसभर ऑफिसात बसावं लागत असेल तर पिशवीत एक कोरडा जोड ठेवा.

सावधान: मेडिकलवाला जी "खाजेची ट्यूब" देतो तिच्यात बऱ्याचदा बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरदार स्टिरॉइड असं तिन्ही एकत्र असतं. दोन दिवसांत खाज जाते, म्हणून सगळ्यांना आवडते. पण स्टिरॉइडने कातडी पातळ होते, बुरशी दबून राहते आणि मग जांघेपर्यंत पसरते. ट्यूबवर नावाच्या शेवटी "सोन" किंवा "सोल" असलेलं औषध दिसलं (बीटामेथासोन, क्लोबेटासोल) तर डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नका. यात क्लोट्रिमाझोल मात्र येत नाही, ते साधं बुरशीचं औषध आहे, नावं सारखी वाटतात म्हणून सांगते.

## टप्पा ६: दाखवायला जाताना

सगळ्यात मोठी चूक इथे होते. डॉक्टरकडे जायचंय म्हणून बाई सकाळी आतपर्यंत चकाचक धुऊन येते. भावना समजते, पण मग बघायचं काय?

- दोन दिवस आधीपासून आत काही ठेवायचं नाही, गोळी, क्रीम, काही नाही. आतून धुवायचं नाही.
- आदल्या दिवशी संबंध नकोत.
- पाळीचे दिवस टाळा. तातडीचं असेल तर मात्र पाळीतही जा.
- आठ दिवसांचा कागद, पाळीच्या तारखा आणि आतापर्यंत खाल्लेल्या सगळ्या औषधांच्या रिकाम्या स्ट्रिपा न्या. नाव आठवत नसतं, "ती गुलाबी गोळी" एवढंच सांगता येतं.
- गरोदर असाल, असण्याची शक्यता असेल, किंवा अंगावर पाजत असाल तर पहिल्या वाक्यात सांगा. बुरशीसाठी तोंडाने घ्यायची फ्लुकोनाझोल गरोदरपणात टाळतात.

डॉक्टर "लग्न झालंय का?" विचारतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा विचारायचं असतं की संबंध आलेत का. प्रश्न चुकीचाच आहे, पण उत्तर खरं द्या. सोबत आई किंवा सासू असेल तर "मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय" असं सरळ म्हणा, आम्ही बाहेर बसवतो त्यांना. संबंध आलेले नसतील तर तेही सांगा, मग शक्यतो आतून यंत्र लावून तपासत नाहीत, बाहेरूनच बघतात किंवा पातळ काडीने नमुना घेतात. संबंध आलेले असतील आणि तरीही कुणी न तपासता नुसतं लिहून देत असेल तर "आतून बघणार नाही का?" हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. तपासताना बाई-नर्स सोबत हवी, हेही मागा.

लाजेपायी न तपासणं ही जुनी गोष्ट आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी कधी तपासणी-उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

सरकारी जिल्हा रुग्णालयात, मेडिकल कॉलेजात यासाठी वेगळी खोली असते, बऱ्याच ठिकाणी "सुरक्षा क्लिनिक" असा बोर्ड असतो, तिथे तपासणी आणि औषधं फुकट आहेत. गुप्तरोगाचं नाव ऐकून पळू नका, साध्या खाजेसाठीही तिथे बघतात.

## टप्पा ७: औषध घ्यायची पद्धत

आत ठेवायची गोळी लिहून दिली असेल तर ती तोंडाने घ्यायची नाही. हे लिहावं लागतंय कारण बायकांनी गिळलेल्या आहेत.

रात्री झोपताना, नखं कापलेली, हात धुतलेले. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा. गोळी पाण्यात क्षणभर ओली करा, नाहीतर कोरडी तशीच राहते. बोट जाईल तेवढी आत ढकला, योनीच्या तोंडाशी ठेवली तर रात्रीतून बाहेर पडते. चड्डीत पॅड लावा. सकाळी पांढरा भुगा बाहेर येतो तो गोळीचा उरलेला चुरा असतो, "औषधाने पाणी वाढलं" म्हणून कोर्स सोडू नका. तीन दिवसांचा असेल तर तीन, सहाचा असेल तर सहा. पाळी जवळ आली असेल तर कधी सुरू करायचा हे आधीच विचारून घ्या. या क्रीम-गोळ्यांतल्या तेलकट पदार्थाने कंडोम कमजोर होऊ शकतो, तेवढे दिवस त्याच्यावर विसंबू नका.

मेट्रोनिडाझोल (बीव्ही आणि ट्रायकोमोनासवरची गोळी) दिली असेल तर जेवणानंतर घ्या. तोंडाला धातूसारखी कडवट चव येते, मळमळतं, लघवी गडद होऊ शकते. कोर्स चालू असताना आणि संपल्यावर दोन-तीन दिवस दारू नको, औषध नवऱ्याला दिलं असेल तर त्यालाही हे सांगा.

आता नवरा. ट्रायकोमोनास, गनोरिया, क्लॅमिडियात जोडीदारालाही औषध लागतंच, त्याच सुमारास, आणि दोघांचं औषध होऊन सात दिवस होईपर्यंत संबंध नाहीत. "मला काही होत नाही" हे त्याचं उत्तर असतं. पुरुषाला बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, आजार मात्र त्याच्याकडे असतो आणि तुमचा बरा झाला की परत येतो. बुरशीत त्याला खाज-लाली असेल तरच. बीव्हीत आधी सहसा जोडीदाराला औषध देत नव्हते, पण २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला, फक्त बाईला औषध दिलं तेव्हा बारा आठवड्यांत ६३ टक्के जणींना परत झालं, दोघांना दिलं तेव्हा ३५ टक्के. तुम्हाला सारखं होत असेल तर डॉक्टरला याबद्दल जरूर विचारा.

चेक करा: कोर्स पूर्ण झाला? पुढच्या पाळीनंतर परत एकदा टप्पा २ केला? ट्रायको निघाला असेल तर तीन महिन्यांनी परत तपासणी केली?

## टप्पा ८: परत परत होतंय

वर्षात तीनदा किंवा जास्त बुरशी झाली तर तेच औषध चौथ्यांदा घेऊ नका. साखर तपासा, उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी. पन्नाशीच्या काकूंचा डायबिटीस आम्हाला कित्येकदा असाच सापडतो, खाजेवरून. नमुना कल्चरला (लॅबमध्ये जंतू वाढवून जात ओळखायला) पाठवा, कारण बुरशीच्या काही जाती नेहमीच्या गोळीला दाद देत नाहीत. खरीच साधी कॅन्डिडा निघाली तर डॉक्टर सहा महिने आठवड्याला एक गोळी असा लांबचा कोर्स देतात, तोही बायका दोन महिन्यांत सोडतात.

पाळी गेलेल्या बायकांत खाज-आगीचं कारण बऱ्याचदा इन्फेक्शन नसतंच, हार्मोन कमी होऊन आतली कातडी कोरडी पडलेली असते, त्याचं क्रीम वेगळं. पण रक्ताचा ठिपका दिसला की सोनोग्राफी आणि गरज पडली तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासणं, हे टाळायचं नाही. "पाळी परत आली" म्हणून खूश झालेल्या एक मावशी सात महिने थांबल्या होत्या.

३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्या, त्रास असो वा नसो. सरकारी केंद्रात व्हीआयए नावाची साधी तपासणी असते, तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून पांढरे डाग येतात का बघतात, पाच मिनिटांचं काम.

आणि कुणी "पांढरं फार जातंय, पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका" असं पहिल्या-दुसऱ्या भेटीत म्हणालं तर उठा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण गाजलं, विशी-तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढलेल्या, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, आणि त्यातल्या कितीतरी जणींची मूळ तक्रार पोटदुखी आणि अंगावरून पांढरं जाणं एवढीच होती. नुसत्या पांढऱ्या पाण्यासाठी पिशवी काढत नाहीत. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर "बल्की युटेरस" (पिशवी थोडी मोठी) किंवा "सर्व्हिसायटिस" (पिशवीच्या तोंडाला सूज) लिहिलंय म्हणूनही नाही. सही करायच्या आधी सगळ्या कागदांची झेरॉक्स घ्या आणि जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. जाताना सकाळी लवकर निघा, केसपेपरची खिडकी दुपारपर्यंतच उघडी असते.